डावीकडून तिसरं

फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर एकच होता आणि त्यावर काम करणारे भाऊ दोन. त्यातून हे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे दोघांचं सगळं बोलणं वहिनीच्या तोंडून व्हायचं. थोरला बायकोला म्हणायचा, त्याला सांग, पासपोर्ट फोटोचा कागद संपलाय. धाकटा हातभर अंतरावरून म्हणायचा, वहिनी, दादाला सांगा, मला दिसतंय. वहिनी गल्ल्यावर बसून पावत्या फाडायची आणि मधल्या वेळात हे निरोप पोचवायची. खोली एवढीशी, की पोचवण्यासारखं काही उरायचंच नाही. पण एकदा तिने कंटाळा केला तेव्हा दोघंही तिच्यावरच रुसून बसले होते, म्हणून ती शब्द न् शब्द परत म्हणायची.

भांडणाचं कारण म्हणजे एक तीळ. तो एका नवरीच्या हनुवटीवर होता. चेहऱ्यावर काही राहू देणं म्हणजे कामचुकारपणा, असं थोरल्याचं ठाम मत, म्हणून त्याने अख्ख्या अल्बममधून तो तीळ पुसून टाकला. नवरा अल्बम काखेत मारून परत आला आणि ही बाई कोण म्हणून विचारू लागला. थोरला काही बोलणार एवढ्यात धाकटा गिऱ्हाइकादेखत म्हणाला, मी दादाला आधीच सांगितलं होतं. तीळ तासाभरात जागेवर आला. दादाचं डोकं मात्र तेव्हापासून जागेवर आलेलं नाही.

तोंडाने भांडायची सोय उरली नाही, तेव्हा भांडण स्क्रीनच्या तळाशी असते त्या पट्टीवर गेलं. थोरला कॉम्प्युटर वाचून चालवायचा नाही, जागेवरून चालवायचा. डावीकडून तिसरं चित्र दाबलं की फोटो उघडतो, पाचवं दाबलं की छपाई होते. प्रोग्रॅमचं नाव विचारलं असतं तर त्याला शपथेवरसुद्धा सांगता आलं नसतं. सकाळची पाळी थोरल्याची, दुपारनंतरची धाकट्याची. धाकटा संध्याकाळी निघताना एखादं चित्र हळूच एक घर सरकवून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी थोरला छपाईला जायचा आणि गाणी वाजायला लागायची. मग थोरला चिडून धाकट्याची चित्रं पट्टीवरून उपटून टाकायचा. दोघांच्या दाढीत पांढरे केस आलेले, आणि हे उद्योग. वहिनीला कधी हसू यायचं, कधी दोघांना समोरासमोर उभं करून कान उपटावेसे वाटायचे.

पण हसण्यावारी न्यायचे दिवस संपले होते. धाकट्याने रस्त्यापलीकडचा रिकामा गाळा स्वतःसाठी ठरवून टाकला होता. गुरुवारी सकाळी तो चावी घेणार होता. त्याने हे वहिनीला सांगितलं आणि वहिनीने नेमाप्रमाणे थोरल्याला सांगितलं. थोरला म्हणाला, त्याला सांग, खुशाल जा. त्या रात्री तो जेवला नाही, आणि 'खुशाल जा' हा निरोप मात्र वहिनीने पोचवला नाही. ती या घरात आली तेव्हा हे दोघं न्हाणीघरात लाल दिवा लावून फोटो धुवायचे आणि तिला अंघोळीसाठी दार वाजवत उभं राहावं लागायचं. ही जोडी फुटलेली तिला बघवणार नव्हती.

आणि बुधवारी सकाळी थोरल्याने कॉम्प्युटर सुरू केला तर पट्टी रिकामी. डावीकडून तिसरं नाही, पाचवं नाही, काहीच नाही. अक्षरं मुंगीएवढी झालेली. मागचं चित्र जाऊन नुसता निळा रंग आलेला. कोपऱ्यात कसलीशी सूचना झळकली, ती थोरल्याने जाहिरात समजून फटकन बंद केली.

"त्याला फोन कर," तो बायकोला म्हणाला. "विचार, झालं का समाधान."

धाकटा आला तो तणतणतच आला. स्क्रीन बघितल्यावर त्याचा चेहरा उतरला. वहिनी, दादाला सांगा, हे मी केलेलं नाही, माझंही सगळं गेलंय, असं तो म्हणाला. मग घाईघाईने फोटोचा प्रोग्रॅम शोधून उघडला आणि मटकन स्टुलावर बसला. 'नेहमीचं' गेलं होतं.

'नेहमीचं' म्हणजे दोघांनी वर्षानुवर्षं बसवलेली रंगांची सेटिंग. ते बटण दाबलं की कसलाही चेहरा पोटभर झोप झाल्यासारखा दिसायचा, आणि तरी त्याच माणसाचा राहायचा. कातडीचा रंग थोरल्याने जमवलेला, सावल्या धाकट्याने. लोक त्यासाठी चार दुकानं ओलांडून यायचे. त्यातले आकडे कुणालाच पाठ नव्हते. आणि संध्याकाळी शाळेच्या शिक्षकांचा फोटो द्यायचा होता. गेल्या वर्षीसारखाच हवा, असा मुख्याध्यापिकाबाईंनी दम भरला होता.

वहिनीने बाहेर जाऊन कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने कोपऱ्यातल्या सूचनेचं विचारलं. जाहिरात होती, बंद केली, असं वहिनीने सांगितल्यावर, तीच तर वाचायची होती, असं तो म्हणाला. मग त्याने समजावलं. मशीनला सकाळी तुमची खोली, म्हणजे तुमच्या सगळ्या सेटिंगची जागा, उघडता आली नाही, म्हणून त्याने तुम्हाला तात्पुरतं पाहुण्यांच्या खोलीत बसवलंय. तुमचं सामान आहे तिथेच आहे. एकदा बंद करून चालू करा, बहुतेक सगळं परत येईल. फोटो दुसऱ्या डिस्कवर असतील तर त्यांना धक्का नाही. फक्त आज या खोलीत जी मांडामांड कराल ती पुसली जाईल.

वहिनीचा जीव भांड्यात पडला. आता सांगते, म्हणून ती आत आली. थोरला खुर्चीवर होता, धाकटा स्टूल ओढून शेजारी बसला होता आणि माउस त्याच्या हातात होता.

"त्याला सांग, सावली फार झाली," थोरला म्हणाला.

वहिनीने तोंड उघडायच्या आत धाकट्याने सावली कमी केली.

"अजून," थोरला म्हणाला. त्याला सांग म्हणायचं तो विसरला.

वहिनी मूग गिळून गल्ल्यावर जाऊन बसली. गिऱ्हाइकं आली तशी तिने मशीन बिघडलंय म्हणून परत पाठवली. दुपार झाली, डबे तसेच राहिले. कातडी पिवळी होतेय का, यावरून दोघांची जुंपली. कवायतीच्या सरांच्या नाकाचा लालपणा काही केल्या जाईना, तेव्हा दोघं हसले. थोरल्याचं ते हसू वहिनीने कितीतरी महिन्यांत ऐकलं नव्हतं. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा आला. त्यांच्या गालावर चांगली हरभऱ्याएवढी चामखीळ होती. थोरल्याचा हात सवयीने माउसकडे गेला आणि मध्येच थांबला.

"राहू दे ना रे?" त्याने विचारलं.

"राहू दे, दादा."

फोटो वेळेत गेला. नवं 'नेहमीचं' तयार झालं, पट्टीवर दोघांची चित्रं बसली. धाकटा येतो म्हणून निघाला. गाळ्याबद्दल मात्र कुणी ब्र काढला नाही. थोरला कॉम्प्युटर बंद करायला लागला तशी वहिनी म्हणाली, आज राहू द्या चालू. रात्रभर वीज जाळायला हा काय कारखाना आहे, असं विचारून त्याने तो बंद केला. तिला धड कारणही सांगता येईना. रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळीच सांगितलं असतं तर निदान त्यांची मेहनत फुकट गेली नसती, आणि आता उद्या पुन्हा निरोप पोचवत बसायचं, असं तिला सारखं वाटत राहिलं.

गुरुवारी धाकटा सकाळीच दुकानाच्या दारात आला. चावी घ्यायला निघाला होता, वाटेत आपला चष्मा न्यायला थांबला, असं त्याने वहिनीला सांगितलं. थोरल्याने कॉम्प्युटर सुरू केला. वहिनी पावतीपुस्तक तसंच टाकून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

सगळं परत आलं होतं. अक्षरं मोठी, पट्टी भरलेली, जुनं 'नेहमीचं' आपल्या जागी. कालचं काहीही नव्हतं. थोरला बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. त्याने डावीकडून तिसऱ्या चित्रावर बाण नेला आणि न दाबताच बाजूला घेतला. मग खुर्ची थोडी सरकवली.

"अरे," तो दाराकडे बघून म्हणाला, "पुन्हा गेलं बघ सगळं. ये इकडे."

धाकटा चष्मा हातात घेऊन आत आला, वाकला आणि त्याने ती भरलेली पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

"हो रे दादा, पार गेलं," असं म्हणून त्याने स्टूल ओढलं.