राहिलेल्या सात रात्री

"दाजी, मोजणी बंद करा आता. शनिवारी तुमचा चहा गोड," असं म्हणत सावेनाकाने साखरेची पिशवी माझ्या टेबलावर आपटली.

मी कॅलेंडरकडे पाहिलं. "शनिवारी त्र्याण्णवावी रात्र आहे."

"असू दे की. शंभर रात्रींचं जेवण त्याच दिवशी उरकू. सोमवारी तुमच्या मेरेवाईचं परतीचं विमान आहे. स्वस्तातलं तिकीट, बदलून मिळत नाही. आणि माझी बहीण बेकरीत डझनाला तेरा पाव द्यायची. तिच्या हिशेबात सात इकडेतिकडे चालतात."

मी हसलो. मेहुण्याने थट्टा करायची आणि दाजीने हसायचं, आमच्यात तसंच असतं.

माझ्या बायकोला, लोसालिनीला, मातीत ठेवून घरी आलो, त्या दिवशी प्रत्येकाने शंभर रात्रींसाठी काही ना काही सोडलं होतं. कोणी डुकराचं मांस, कोणी केस कापणं. शंभर भरल्या की गेलेल्या बाईच्या माहेरच्याने ती वस्तू आपल्या हाताने परत द्यायची. माझी पाळी आली तेव्हा मला काही सुचेना. आयुष्यभर नगर वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारलेले. माझ्याकडे सोडण्यासारखं होतं काय? "साखर," मी म्हणालो. लंबासासारख्या साखर कारखान्याच्या गावात, ऐन गळीत हंगामात, जेव्हा मळीचा वास उशीपर्यंत येतो! रडता रडता बायका हसल्या.

सुरुवातीला फिका चहा घशाखाली उतरेना. मग हळूहळू एक गोष्ट कळली. पहिला घोट घेतला की जीभ साखर शोधायची, आणि तेवढ्या क्षणापुरती लोसालिनी आत स्वयंपाकघरात आहे असं वाटायचं. हाक मारली तर ओ देईल इतकी जवळ. हे मी कोणालाच सांगितलं नाही. म्हाताऱ्याचे खेळ, असंच कोणी म्हटलं असतं. कदाचित ते खेळच असतील. पण त्यातले सात दिवस आता कापले जाणार होते.

गुरुवारी माझी लेक मेरेवाई सिडनीहून आली, फिजीत काही मिळतच नसल्यासारख्या दोन बॅगा भरून. विजेची किटली, सगळ्यांसाठी फुलाफुलांचं कापड, आणि माझ्यासाठी एक छोटी डबी.

"बाबा, ह्यात साखर नाही. कणभरसुद्धा नाही. चव मात्र तीच. म्हणजे नियमही मोडत नाही."

"मग मी सोडलं काय?"

"त्रास सोडला!" ती हसली. मग माझ्याकडे बघून तिने डबी बॅगेत परत टाकली. म्हणाली, "मला तर काही सोडायला वेळच मिळाला नाही. आईला पोचवलं आणि चौथ्या दिवशी कामावर."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सात रात्रींचं बोलायचं होतं, ते राहूनच गेलं.

शनिवारी दुपारी अंगणातली जमिनीतली भट्टी उघडली. चटयांवर पन्नास माणसं काळ्या कपड्यांत बसली होती. जेवणाआधी प्रत्येकाची वस्तू परत दिली जात होती. पुतण्याच्या केसांची पहिली बट कापली, तशी पोरं ओरडली. मग सावेनाका माझ्यासमोर येऊन बसला. त्याने चहात साखर ढवळली आणि कप दोन्ही हातांनी पुढे केला.

"बहिणीच्या माहेराकडून. घ्या, दाजी."

रिवाजाप्रमाणे ओंजळीने टाळी वाजवून मी तो घ्यायचा होता. हात वर आले, पण टाळी वाजेना.

"सावेनाका, सात राहिल्यात."

"काय म्हणाले?" मागून पाद्रीबाईंनी विचारलं.

"सात रात्री राहिल्यात," मी पुन्हा म्हणालो. आवाज माझा वाटत नव्हता. "मला त्या हव्या आहेत."

मांडीवर कापडाचा गठ्ठा घेऊन बसलेल्या मेरेवाईने मान खाली घातली. पन्नास माणसांत मी माझ्या मेहुण्याचा पुढे केलेला हात परत पाठवत होतो. सावेनाका आता काहीतरी बोलेल आणि सगळे हसतील, असं मला वाटलं. त्याने कप चटईवर ठेवला.

"लग्न झाल्यापासून तुमची थट्टा करतोय," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा उलटून बोललात." मग मागे वळून मोठ्याने, "अरे, बघताय काय? जेवण गार होतंय. दाजींचं पुढच्या शनिवारी."

सोमवारी विमानतळावर मेरेवाईने मला घट्ट धरलं. "शनिवारी झालं की फोन करा, बाबा," एवढंच म्हणाली.

त्या सात दिवसांत मी घराबाहेर फारसा पडलो नाही. चहा सावकाश प्यायलो.

शनिवारी संध्याकाळी सावेनाका उसाचा ट्रक कारखान्यात रिकामा करून एकटाच आला. हातपाय धुतले, काही टोमणा मारला नाही. स्वतः चहा केला, कप माझ्यासमोर ठेवला आणि साखरेत चमचा घातला.

"किती, दाजी?"

मला आकडाच माहीत नव्हता. अडतीस वर्षं कप तिच्या हातून यायचा, ढवळलेला. मी पुस्तकातून मान वर न करता घ्यायचो.

"दोन?" त्याने विचारलं.

"घाल दोन."

टाळी वाजवली, घोट घेतला. गोड होता, पण तो चहा नव्हता. त्याने तिसरा घातला. नाही. चौथ्याला तोंड चिकट झालं.

"तुला माहीत असेल," मी म्हणालो. "तूही तिच्या हातचा प्यायचास."

"आयता कप हातात यायचा, दाजी. कोण मोजतं?"

मग त्याने तो चहा मोरीत ओतला, कप विसळला, किटलीतून पुन्हा भरला, आणि एका चमच्यापासून सुरुवात केली.