‘बोरमाळ उतरवा’ म्हणणारे साहेब

नमस्कार मित्रांनो! मी महाळुंग्याच्या पुतळाबाईंची बोरमाळ. जुनी आहे, पण कुणी जुनाट म्हणालं तर राग येतो हं मला. बोराएवढे माझे मणी, वरून सोन्याचा पत्रा आणि आत लाख. म्हणून दिसते भरघोस आणि गळ्याला भार काही होत नाही. मागे लाल रेशमी गोंडा आहे. तो सरकवला की मी सैल होते, ओढला की घट्ट.

चाकणच्या पेठेतल्या एका सोनारानं मला घडवलं. त्या साली कांदा चांगला झाला होता, म्हणून गेनबांनी, म्हणजे पुतळाबाईंच्या मालकांनी, हौसेनं मला करून घेतलं. मला बघून पुतळाबाईंनी आधी “कशापायी एवढा खर्च?” म्हणून नाक मुरडलं. मग हळूच आत गेल्या आणि हंड्यातल्या पाण्यात स्वतःला बघत किती तरी वेळ उभ्या राहिल्या. तेव्हापासून आमची जोडी जमली. लग्न असो, बारसं असो, चाकणचा बाजार असो, मी गळ्यात असायचेच. बायका मला बोटानं उचलून बघायच्या, आणि मी काय सांगू, नुसती फुगायचे!

पुढे दिवस पालटले. रानं गेली, तिथं कंपन्या आल्या. नव्या सुनांना बारीक चेन आवडू लागली. मी गेले ट्रंकेत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात. डांबरगोळ्यांच्या वासानं जीव कावून गेला अगदी. सणावारी बाहेर यायचे तेवढाच काय तो वारा.

अशात ऋतिकचं, पुतळाबाईंच्या मुलाचं, लग्न झालं आणि घरात रोहिणी आली. उंच, हसरी पोर. ती एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत काम करते. “सूनबाईच्या डोहाळजेवणाला ही बोरमाळ तिच्या गळ्यात घालीन,” असं पुतळाबाई सगळ्या आळीला सांगून बसल्या होत्या. मीसुद्धा मनातल्या मनात त्या गळ्यावर जाऊन बसले होते, खोटं कशाला बोलू?

पण मधेच माशी शिंकली.

संक्रांतीला पुतळाबाई मला घालून, फडक्यात गुळाच्या पोळ्या बांधून थेट रोहिणीच्या कंपनीत निघाल्या. दोघींनी मिळून आत बसून खायच्या, असा बेत होता. गेटवर रोहिणीच उभी होती.

“आत्या, पासाशिवाय आत सोडता येत नाही,” ती हळूच म्हणाली. “इथंच थांबा, सुट्टी झाली की मी बाहेर येते.”

“अगं, ह्ये रान आपलं हुतं! हितं म्या कांदं लावल्यात!” पुतळाबाई म्हणाल्या. खरंच, ती कंपनी त्यांच्याच जुन्या रानात उभी होती.

“माहितीय हो आत्या. पण आमच्या मोठ्या साहेबांनी लांबून नुसतं कार्ड हलवलं, तरी मी सोडत नाही. हातात घेते, फोटो बघते, मग सोडते.”

झालं! बाई तिथूनच माघारी फिरल्या. रागानं त्यांचा श्वास एवढा चालला होता की माझे मणी एकमेकांवर आपटत होते. “सख्ख्या सासूला अडीवलं! ही बोरमाळ आता हिच्या गळ्यात जायाची न्हाई!” मला तर रडू कोसळलं. त्या दिवसापासून सासू सुनेशी गेनबांमार्फत बोलू लागली. सून समोर बसलेली, आणि ह्या म्हणायच्या, “अहो, तिला म्हणावं, दूध पिऊन घे.” गेनबा बिचारे मान डोलवून निरोप पोचवायचे.

डोहाळजेवणाचा दिवस उजाडला. माझा गोंडा विरला होता. मी सुनेला मिळणार नव्हते, पण सासूबाईंना स्वतःला मिरवायचं होतंच ना! सकाळीच त्या चाकणला गेल्या, दागिने गाठवून देणाऱ्या पटवेकऱ्याकडून मला नवा गोंडा लावून घेतला, मला गळ्यात घातलं आणि गाडी पकडायला निघाल्या.

रस्त्याच्या कडेला मोटारसायकलवरून दोघं उतरले. बारीक कापलेले केस, पायात तपकिरी बूट, अंगात साधे कपडे.

“आजी, थांबा. आम्ही पोलीस. पुढे आत्ताच एका बाईचं गंठण ओढलंय. एवढं सोनं घालून फिरता? काढा ते, या कागदात बांधा आणि पिशवीत ठेवा.”

तेवढ्यात तिसरा एक माणूस चालत आला. यांनी त्यालाही हटकलं. त्यानं निमूटपणे गळ्यातली चेन काढली, कागदात बांधून घेतली आणि “बरं झालं साहेब, सांगितलंत!” म्हणून पाया पडायचाच बाकी राहिला. ते बघून पुतळाबाईंचा हात मागे गेला. गोंडा सरकला. मी सैल झाले. मित्रांनो, माझ्या आतली लाख तेव्हा पातळ झाली असेल बघा! एकदा त्या कागदात गेले असते, तर त्यांनी हातचलाखीनं पुडी बदलली असती, आणि संध्याकाळपर्यंत मला वितळवून माझा गोळा केला असता.

“घाबरू नका आजी, हे बघा कार्ड,” म्हणून एकानं खिशातून काहीतरी काढलं, हवेत हलवलं आणि परत खिशात घातलं.

तिथंच त्याचं चुकलं! पुतळाबाईंचा हात थांबला. जुना राग उफाळून वर आला.

“आसं लांबनं हालवून न्हाई चालत, बाबा. हातात दे.”

“आजी, वेळ नाही आम्हाला. कारवाई होईल!”

“कर की कारवाई! माझ्या सख्ख्या सुनेनं मला बिगरपासाची आत घेतली न्हाई, तू कोण लागून गेलास? आन् सोनंच उतरवायचं तर चौकीत चल. तिथं उतरवते.” एवढं बोलून बाईंनी गोंडा घट्ट ओढला आणि शेजारच्या चहाच्या गाड्याकडे वळून हाक मारली, “ओ धोंडीबा, त्यो पोलिसांचा एकशे बारा नंबर लावा की जरा!”

धोंडीबांनी फोन कानाला लावायचा अवकाश, दोघं गाडीवर बसले. आणि तो पाया पडणारा तिसरासुद्धा टुणकन उडी मारून त्यांच्याच मागे बसला! ट्रिपल सीट पळाले तिघं. मला इतकं हसू आलं म्हणता!

थोड्या वेळानं आणखी दोघं आले. एक बाई, एक पुरुष, आणि कपडे पुन्हा साधेच. “आजी, आम्ही पोलीस...” एवढंच ऐकून पुतळाबाई कडाडल्या, “आले बघा आणिक दोघं! काय दुकान उघडलंय व्हय रं?”

त्या बाई चिडल्या नाहीत. त्यांनी कार्ड सरळ पुतळाबाईंच्या हातात ठेवलं. “सावकाश बघा. नाव मोनिका. चौकीत फोन करून विचारा. गणवेशातल्या पोलिसांची गाडी येतेय, तोवर आम्ही लांब उभे राहतो.”

धोंडीबांनी कार्ड मोठ्यानं वाचलं. पुतळाबाईंनी फोटो बघितला, चेहरा बघितला, पुन्हा फोटो बघितला. “फोटुत लई बारीक हाईस गं.”

“लग्नाआधीचा आहे, आजी!” मोनिकाबाई हसल्या.

गणवेशातले पोलीस आल्यावरच पुतळाबाईंनी सगळी हकिगत सांगितली. मोनिकाबाई म्हणाल्या, “खरा पोलीस रस्त्यात कुणाला दागिना उतरवायला सांगत नाही, आजी. आणि ओळखपत्र मागितलं म्हणून रागावतही नाही. तुम्हाला हे कुणी शिकवलं?”

पुतळाबाईंनी पदरानं नाक पुसलं. मग म्हणाल्या, “माझ्या सुनेनं. लई शिस्तीची हाय ती.”

मित्रांनो, मला कपाटात जपा, बँकेत जपा, पण रस्त्यात कुणी “काढून दे” म्हणालं, तर आधी थांबा. ओळखपत्र हातात घ्या, चार माणसांना हाक मारा, एकशे बाराला फोन करा, चौकीत चला म्हणा. विचारण्यात कसला आलाय उद्धटपणा? खरा असेल तो थांबेल. खोट्याला मात्र भारी घाई असते.

दुपारी रोहिणी हिरवी साडी नेसून पाटावर बसली होती. पुतळाबाई तिच्यामागे गेल्या. गेनबा सवयीनं निरोप घ्यायला पुढे झाले.

“तुमी व्हा बाजूला,” पुतळाबाई म्हणाल्या, आणि मला स्वतःच्या गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातलं. “रोहिणी, पोरी, माझं चुकलं.”

रोहिणीनं मागे वळून सासूला मिठीच मारली, आणि मी मधल्या मधे दोघींच्या छातीशी दाबली गेले.