गलबताचं बूच

आमच्याकडे आजोबांच्या गलबताचा विषय निघाला की बाबा ताटावरून उठतात. रस्ता नव्हता तेव्हा सरोवराच्या या काठावरून त्या काठाला सगळं पाण्यावरूनच जायचं: धान्य, विटा, गुरं, नव्या नवऱ्यासुद्धा. पुढे वाफेच्या बोटी आल्या, तरी आजोबांनी शीड काही उतरवलं नाही. मग सरोवराला वळसा घालून रस्ता झाला आणि ट्रकांनी सगळ्यांचाच धंदा गिळला. बाबांनी ट्रकचं स्टिअरिंग धरलं आणि त्याच आठवड्यात आजोबांनी गलबत उथळ पाण्यात बुडवलं.

आता बुडवणं म्हणजे इथे आक्रीत नव्हे. लाकूड खाणारी समुद्रातली कीड गोड्या पाण्यात नसते, उन्हात मात्र फळ्या तडकतात. म्हणून गलबत फार दिवस पडून राहणार असेल तर तळाचं बूच काढायचं, आत दगड ठेवायचे आणि त्याला पाण्याखाली निजवायचं. पण बाबांनी त्या संध्याकाळी काठावरून घाव ऐकले होते. "तळाला कुऱ्हाड घातली त्यांनी. माझ्यावरचा राग काढला," एवढंच ते सांगत. लवकरच आजोबा गेले, मग विचारणार कोणाला?

आत्याचं म्हणणं उलट. "ज्यांनी कधी मुंगी मारली नाही, ते गलबतावर कुऱ्हाड घालतील?" बहीणभाऊ एकाच माळेचे मणी, कोणी हटेना.

यंदा पाणी खूप खाली गेलं आणि गलबताची कड वर दिसू लागली. आत्याने कंबर कसली. मी पंप दुरुस्त करते, त्यामुळे पंपासकट मलाही जुंपलं. बाबा काठावर ट्रकला टेकून उभे होते.

"भोक असेल हातभर. तळ्याचं पाणी तळ्यातच ओतत बसाल," ते म्हणाले.

कमरेएवढ्या पाण्यात आम्ही दगड काढायला लागलो. ते फेकलेले नव्हतेच, ओळीने रचलेले होते. खाली फळ्यांना ओरखडा नको म्हणून लाकडी पट्ट्या घातलेल्या. शेवटचा दगड निघाला तशी आत्याने तळ चाचपला.

"गोल आहे गं!"

कुऱ्हाडीने गोल भोक पडत नाही. शेजारच्या खिळ्याला तांब्याच्या तारेने लाकडी बूच बांधून ठेवलेलं होतं.

"दादा, इकडे ये आधी!" आत्या ओरडली.

बाबा बुटांसकट पाण्यात उतरले. बूच उलटसुलट करून बघत राहिले. त्याच्या कडेला हातोडीच्या घावांच्या खुणा होत्या.

"घट्ट बसलं असेल," ते हळूच म्हणाले. "ठोकून सैल करत होते. आणि मी काय ऐकलं!" मग तारेवरून बोट फिरवत म्हणाले, "गलबत परत वर काढायचं होतं गं त्यांना."

मला रडू आलं आणि आजोबांचा रागही आला. एक शब्द बोलले असते तर तोंड झिजलं असतं का?

बाबांनी हातोडी मागितली आणि बूच स्वतः ठोकून बसवलं. पंप सुरू झाला. कड बोटभर वर आली, मग वीतभर.

"ट्रक जरा मागे घे," बाबा मला म्हणाले. "गलबताला काठाशी जागा लागेल."