कुरडयांची राखण

अनसिंगच्या उन्हात माणूस होरपळो, कुरडया मात्र एका दिवसात कडकडीत वाळतात. पुण्यात सून ज्योत्स्नाच्या फ्लॅटला ऊनच लागत नाही, म्हणून दरसाल तिच्यासाठी रंगूबाईच घालते.

यंदाही गच्चीवर लुगडं अंथरून तिनं कुरडया घातल्या आणि नवऱ्याला दटावलं, "कावळे हाका. मी येईपावतर उठू नोका."

जगदेव उठलेच नाहीत. दुपारी ती वर गेली, तर ते तिथंच आडवे, अंग तव्यासारखं तापलेलं.

शेजाऱ्यांनी खाली आणलं. तळपायांना कांदा चोळून तिचे हात थकले. ऑटोवाल्यानं 'आलोच' म्हटल्याला तास झाला होता.

फोन वाजला. "आई, कुरडया वाळल्या का?"

"वाळल्या व माय."

खाटेवर जगदेवांचा हात अजून कावळे हाकत होता.