लसणाच्या साली

माघ सरत आला होता. कृष्णाकाठच्या त्या गावावर पिवळं, पेंगुळलेलं ऊन उतरलं होतं आणि त्या उन्हाखाली अंगणभर हळद वाळत होती. काहिलीत शिजून निघालेली, अजून मातीच्या वासाची हळकुंडं. अंगण पिवळं, उंबरा पिवळा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे तळवे पिवळे. माजघरात मात्र जागरणाचा रंग होता. त्या रंगाला नाव नाही, पण बाळंतिणीच्या डोळ्यांखाली तो सगळ्यांना दिसतो.

शर्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कानांत कापूस, डोक्याला रुमाल, पोटात डिंक-अळीव आणि मांडीवर लेक: इवलीशी, दुग्धगंधा, मिटल्या मुठींची, जरा घाईनेच जगात आलेली. घाईने आली म्हणून तिच्या ओठांत बळ नव्हतं, आणि शर्वरीची स्तनाग्रं आत वळलेली. तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरांनी सिलिकॉनची एक पातळ टोपी दिली. छातीवर बसवायची, बाळ तिच्यातून दूध ओढतं. लेकीने ओढलं. त्या दिवशी शर्वरीला ती टोपी देव्हाऱ्यातल्या टाकाइतकी पूज्य वाटली होती.

आता तीच तिला सवत वाटू लागली होती.

लेक अंगाने भरली, गालांवर आरक्त आभा चढली, तरी टोपीवाचून तोंड लावीना. धुवा, उकळा, वाळवा, बसवा. बसवली की घसरे, घसरली की पदराखाली चाचपा. बाळ बघायला आलेल्या बायकांपुढे भिंतीकडे तोंड करून बसा. सिस्टर म्हणाल्या होत्या, "आता सोडवायला हरकत नाही. कडकडून भूक लागायच्या आत घ्या. आधी टोपीनं पाजा, दूध उतरलं, पोर पेंगली, की हळूच काढून घ्या." शर्वरी हळूच काढी. लेक डोळे उघडी, ओठ मुडपी आणि असा टाहो फोडी की अंगणातल्या चिमण्या उडून जात.

सकाळी हेच, दुपारी हेच, तिन्हीसांजेला हेच. दूध माझं, कातडी माझी, आणि माझ्याच लेकीला मी नको. हे तिने कुणापाशी बोलून दाखवलं नाही. पण मनात दुसरं काही उरलंच नव्हतं.

त्या दिवशी हळदीच्या गड्यांची जेवणं लांबली, म्हणून बाळंतिणीचं न्हाणंही लांबलं. दुपार कलल्यावर शर्वरीच्या आईने, इंदूताईंनी, शेगडीत निखारे फुलवले. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाच्या साली टाकायच्या, वर दुरडी पालथी घालून लेकीची दुपटी धुरावायची, ही त्या घरची रीत. साली खिडकीतल्या सुपात जमवलेल्या असत. त्याच सुपाच्या कडेला शर्वरीने मघाशी उकळलेली टोपी वाळत ठेवली होती. साल पातळ, टोपी पातळ. साल पांढुरकी, टोपी पांढुरकी. इंदूताईंचे डोळे पहाटेपासून काहिलीच्या वाफेने चुरचुरत होते. त्यांनी मूठ भरली आणि निखाऱ्यांवर सोडली.

वास वेगळा आला. लसणाचा नव्हे, ओव्याचा नव्हे. त्यांनी चिमट्याने साली उलथल्या. तळाशी काहीतरी काळवंडून आक्रसत होतं. शेगडी तशीच उचलून त्यांनी परसात नेली आणि परत येऊन दारातच बसकण मारली.

"शरू, साल म्हणून टाकली गं मी. डोळ्याला दिसलीच न्हाई."

 शर्वरी म्हणाली, "तुला ती पहिल्यापासनं खुपतच होती."

हे खोटं होतं. टोपी उकळायचं पातेलं रोज इंदूताईच घासत. पण थकलेल्या माणसाला राग काढायला आपलंच माणूस लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. 

आण्णांनी, शर्वरीच्या वडिलांनी, मोटारसायकल काढली. असली वस्तू गावातल्या मेडिकलमध्ये मिळायची नाही, सांगली गाठायला हवी. "गेलो आणि आलो," म्हणाले. गाडीचा आवाज वळणावर विरला, आणि लेक भुकेली जागी झाली.

ती रडली. आधी कुरकुर, मग हुंदका, मग सारा देह ताठ करणारा, रक्तवर्ण आक्रोश. शर्वरीने तिला छातीशी धरलं, तिने मान फिरवली. पुन्हा धरलं, पुन्हा फिरवली. घामाने दोघी भिजल्या. शर्वरीही रडू लागली, आवाज न करता, हरल्यासारखी.

"आई, मला जमत नाही गं."

"नगं जमू दे," इंदूताई म्हणाल्या. "बोंडल्यात काढ थोडं. पोटाला आधार तर मिळू दे तिच्या."

बोंडलं म्हणजे बाळाला दूध पाजायची चिमुकली चोचीची वाटी. शर्वरीने हाताने दूध पिळलं. इंदूताईंनी ते लेकीच्या ओठांवर थेंब थेंब सोडलं. रडू ओसरलं, हुंदके उरले.

आणि मग शर्वरीने हट्ट सोडला. शहाणपणाने नव्हे, निव्वळ थकव्याने. आज पाजायचं नाही, नुसतं धरायचं, सांगलीहून नव्या टोपीची डबी येईपर्यंत. ती उशीला टेकून मागे रेलली. लेकीचं अंगडं काढलं, स्वतःचा पदर दूर केला, आणि उघडी लेक उघड्या छातीवर पालथी ठेवली. तिच्या पाठीवर दुपटं ओढलं, त्याला कालच्या धुरीचा, ओव्याचा उबदार वास होता. डोळे मिटले.

खिडकीतून पीतकोमल ऊन आत आलं. श्वासाखाली श्वास. ऊब आणि ऊब. लेकीचं डोकं हललं, थांबलं, पुन्हा हललं. इवली हनुवटी त्वचेवरून सरकत गेली. वाटेत एक थेंब होता. ती त्यापाशी थबकली, तिने तो चाटला, आणि तोंड उघडलं.

शर्वरीने डोळे उघडले नाहीत. इतके दिवस टोपीपलीकडून येणारी ती अस्पष्ट ओढ आता तिच्या मांसात उतरली, ओली, सजीव, थोडी दुखरी. सुटली. पुन्हा लागली. गिळल्याचा आवाज आला. पुन्हा आला.

"आई," ती कुजबुजली, "मघाशी मी वाईट बोलले."

"हलू नगंस," इंदूताई म्हणाल्या, आणि पिवळ्या बोटांनी त्यांनी आपल्या लेकीच्या डोळ्यांतलं पाणी पुसलं. शर्वरीच्या गालावर हळद उमटली.

उद्या लेक पुन्हा मान फिरवील, कदाचित परवाही. शर्वरीला ते कळत होतं, आणि त्याचं भय आज वाटत नव्हतं. तिला फार झोप आली होती.

अंगणात गाडी थांबली. आण्णा डबी घेऊन उंबऱ्यापाशी आले. इंदूताईंनी ओठांवर बोट ठेवलं. ते तिथेच वळले, डबी कोनाड्यात ठेवली आणि हळदीपाशी जाऊन बसले. ऊन उतरत गेलं. अंगणात हळद वाळत होती, कोनाड्यात डबी मिटलेली होती, आणि माजघरात, मध्ये काही म्हणजे काही नसताना, लेक आईला पीत होती.