तिने स्वतः कधीच न घेतलेलं औषध

मी एक डबी बोलतेय. पांढऱ्या प्लॅस्टिकची, हिरव्या झाकणाची, मुठीत मावेल एवढी. माझ्या अंगावर एका हसऱ्या बाईचं चित्र आहे. त्याखाली छापलंय, ‘मन उदास? चिंता, निराशा मुळापासून दूर. शंभर टक्के वनस्पतिजन्य. कोणताही दुष्परिणाम नाही.’ माझं नाव मी सांगत नाही. माझ्यासारख्या पुष्कळ आहेत, आणि हे छापताना मला कुणी विचारलं नव्हतं.

माझ्या पोटात साठ कॅप्सूल होत्या. अश्वगंधा, ब्राह्मी, शंखपुष्पी. ती मुळं, ती पानं खरीच होती. दळून, चाळून त्यांना माझ्यात भरलं, वरून कापूस ठेवला आणि झाकण आवळलं, तेव्हा मला फार आनंद झाला होता. वाटलं, आपल्या हातून कुणाचं तरी भलं होणार.

खोक्यात बसून मी वाशिमला आले. तिथे एका मंगल कार्यालयात माझ्यासारख्या डब्या विकणाऱ्यांची मीटिंग भरली होती. माइकवर मंजुषा उभी होती. शिरपूर जैन गावची, चाळिशीतली, कडक इस्त्रीच्या साडीतली बाई. ती सांगत होती, “दोन वर्षांआधी मी पलंगावरून उठत नव्हती. लेकरांशी बोलत नव्हती. या डबीनं मले उभं केलं!” असं म्हणून तिने मला उंच धरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नवीच होते, तरी मला ते खरं वाटलं. वाटलं, माझ्या आधीच्या एखाद्या बहिणीने हिला वाचवलं असेल.

मीटिंग संपल्यावर तिने मला पर्समध्ये टाकलं. तिथे आधीच एक गोळ्यांचं पाकीट होतं. चंदेरी, कडेला निळा पट्टा असलेलं. बसमध्ये बसल्यावर मंजुषाने इकडेतिकडे पाहिलं, त्यातली एक गोळी काढली आणि तोंडात टाकून वरून पाणी प्यायली. माझं झाकण तिने उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. असेल दुसरा काही आजार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

चौथ्या दिवशी ती मला घेऊन रिठदला गेली, रत्नमालाकडे.

रत्नमाला आणि मंजुषा शाळेत एका बाकावर बसायच्या. आता रत्नमाला घरीच शिवणकाम करायची. अर्ध्या गावाचे ब्लाऊज तिच्या मशीनवरून जात. नवरा नरेंद्र ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी सोडायचा. घरात भांडण नव्हतं, कुणी गेलेलं नव्हतं, तरी मागच्या हिवाळ्यापासून रत्नमालाचं मन बसलं होतं. नरेंद्र सारखा विचारायचा, “तुले कोनी काई बोललं का? मंग असं काहून होते?” तिला उत्तर सापडायचं नाही, आणि उत्तर नाही म्हणून ती स्वतःलाच दोष द्यायची. शेवटी नरेंद्रने तिला वाशिमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तीन महिने गोळ्या चालू होत्या. मी गेले तेव्हा मशीन पुन्हा वाजायला लागलं होतं.

मंजुषाने फळीवरचं पाकीट उचललं. “कायच्या गोळ्या आहेत वं या?”

“मनाच्या. आता बरं वाटून राह्यलं मले.”

मी ते पाकीट पाहिलं. तेच चंदेरी, तोच निळा पट्टा. मंजुषाच्या पर्समध्ये मी तीन दिवस ज्याच्या शेजारी पडून होते, अगदी तेच.

मंजुषानेही ओळखलं असणार. ते तिने पालथं घालून फळीवर ठेवलं. मग म्हणाली, “अवं, याची सवय लागते माय. जन्मभर सुटत नाई. डोकं सुन्न करून टाकते. हे घे, झाडपाला हाये, काई नुकसान नाई.”

“डाक्टरीणबाईले विचारू?”

“ते कायले हो म्हनीन? माह्याकडे पाह्य ना. मी कशी झाली, कशी होती! माह्यावर भरोसा नाई का तुहा?”

रत्नमाला कितीतरी दिवसांनी मोकळं हसली. “तुह्यावर नाई त कोनावर ठेवू?”

त्या दिवशी मला ओरडावंसं वाटलं. पण डबीला बोलता येत नाही. तिच्या अंगावर जे छापलं असेल तेवढंच ती बोलते.

रत्नमालाने त्या गोळ्या एका झटक्यात बंद केल्या. सकाळ-संध्याकाळ माझं झाकण उघडू लागलं. ती फार श्रद्धेने घ्यायची, दुधाबरोबर, सांगितल्याप्रमाणे. आठवडाभरातच तिला चक्कर येऊ लागली. डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. झोप उडाली. तिने मंजुषाला फोन केला. मंजुषा म्हणाली, “घाबरू नको. अंगातलं विष निघून राह्यलं. दोनाच्या चार कर.”

तिने चार केल्या. मी भराभर रिकामी होत गेले आणि ती खचत गेली. मशीनवर कपड्यांचा ढीग साचला. बायका विचारायला येत, ती “उद्या” म्हणे. मग दारच लोटून घेऊ लागली. नरेंद्रला ती सांगायची, “नवं औषध लागू पडायले टाइम लागते.” तोही बिचारा वाट पाहत राहिला. माझ्याकडे पाहून ती एकदा हळूच म्हणाली, “सगळ्याईले लागू पडते, मलेच काहून नाई? माह्यातच काई वाईट असन.” ते ऐकून माझ्या आतल्या मुळांचीसुद्धा मला लाज वाटली.

एका दुपारी तिने ढीग उपसला. न शिवलेल्या एकेका कपड्याची घडी घातली, वर नावाची चिठ्ठी टाचली आणि घरोघर परत देऊन आली. बायकांना वाटलं, काम झेपत नसेल. शेवटी ती शेजारच्या ललिताबाईंकडे गेली. त्यांचा कपडा दिला आणि वर आपली मोठी कात्रीही ठेवली.

ललिताबाई तिच्या मागोमाग घरात आल्या. सत्तरीच्या बाई, अंगठाबहाद्दर. “कैची काहून देल्ली वं?”

“तुमाले राहू द्या. मले आता काय कामाची?”

ललिताबाईंनी तिचं तोंड निरखून पाहिलं. मग उंबऱ्यातच बसल्या. “रत्ना, खरं सांग. जीव द्याचं मनात येऊन राह्यलं का?”

एवढं सरळ तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिचे खांदे हलायला लागले. “येते, मावशी. रोज येते.”

“मंग मी इथून उठत नाई,” ललिताबाई म्हणाल्या. आणि उठल्या नाहीत. तिथे बसूनच त्यांनी गल्लीतल्या पोरांना पाठवून नरेंद्रला बोलावून घेतलं, तो येईपर्यंत तिचा हात धरून ठेवला. मला जमलं नाही ते काम एका म्हातारीने एका प्रश्नात केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने नरेंद्र तिला वाशिमला घेऊन गेला. ‘जे घेत असाल ते सोबत आणा,’ असं दवाखान्यातून सांगितलं होतं, म्हणून मीही पिशवीत होते.

बाकावर गर्दी होती. कोपऱ्यात एक बाई तोंडाला ओढणी गुंडाळून बसली होती. सिस्टरने आतून आवाज दिला, “शिरपूरच्या मंजुषाताई! दोन वर्षांची जुनी फाईल ना तुमची?”

ओढणीतली बाई उठली आणि समोर रत्नमाला दिसताच तिथेच थिजली.

रत्नमालाने मला पिशवीतून काढलं. मंजुषासमोर धरलं. “तू दोन वर्षांपासून इथं येतं?”

मंजुषाने खाली पाहिलं. “गावात माहीत झालं त लोकं येडी म्हनतीन, रत्ना. आन् मीटिंगमधी मी काय सांगू? सगळे माह्याकडे पाहून या धंद्यात जुळले.”

“तुले माहीत होतं, कायनं बरं वाटते ते. तू ते खात राह्यली, आन् मले बंद कराले लावलं.”

“मले वाटलं, तुहं थोडंसंच हाये...”

“मी तुले येडी म्हनली असती का, मंजू? एका बाकावरची मी?”

सिस्टरने पुन्हा हाक मारली. मंजुषा आत न जाताच पायऱ्या उतरून गेली.

डॉक्टरीणबाईंनी मला हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “अश्वगंधा काही वाईट नाही. पण तुमचा आजार तिच्या एकटीच्या आवाक्यातला नाही. गोळ्या अशा एकदम सोडल्या की त्रास होतो. यात तुमचा काही दोष नाही. आणि पुढे झाडपाला घ्यायचा असेल तरी आधी मला विचारा. काही वनस्पतींचं या गोळ्यांशी जमत नाही.” ‘तुमचा काही दोष नाही’ हे रत्नमालाने त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

काही दिवस घरात तिला कुणी एकटं सोडलं नाही. कधी ललिताबाई, कधी नरेंद्र. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या पुन्हा चालू झाल्या आणि हळूहळू, फार हळू, ती सावरली. दिवाळीच्या आधी तिने स्वतः जाऊन कात्री मागून आणली.

उरलेल्या कॅप्सूल तिने उकिरड्यावर ओतल्या. मला धुतलं आणि माझ्यात ब्लाऊजचे हूक भरले. मला वाटलं होतं, ती मला फेकून देईल. फेकलं असतं तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं. ती हूक काढायला झाकण उघडते आणि क्षणभर माझ्यावरच्या हसऱ्या बाईकडे बघत राहते.

मागच्या महिन्यात मंजुषा आली होती. दारातच उभी राहिली, हातात ब्लाऊजपीस. “शिवशीन का?”

रत्नमालाने टेप काढली, माप घेतलं, वहीत लिहिलं. चहा विचारला नाही. मंजुषा म्हणाली, “रत्ना, बोल ना काई.”

“मीटिंगमधी उभी राह्यजो,” रत्नमाला म्हणाली, “आन् कायनं बरी झाली ते सांगजो. मंग बोलू आपन.”

मंजुषा मान खाली घालून गेली.

मी तर एक रिकामी झालेली डबी. माझं कोण ऐकणार? तरी सांगते. मन बसलं असेल तर त्यात लाज कसली? बोला, दवाखान्यात जा. आणि कुणी प्रेमाने माझ्यासारखं काही हातावर ठेवलं, चालू गोळ्या सोड म्हणालं, तर ते माणूस कितीही जवळचं असो, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका. माझ्या अंगावर काय छापलंय ते वाचून विश्वास ठेवू नका.

मंजुषाचा ब्लाऊज शिवून तयार आहे. हूक माझ्यातलेच लावलेत. पंधरा दिवस झाले, खुंटीला टांगलेला आहे. न्यायला ती अजून आलेली नाही.