दोनदा उगवलेला केस

लोकांच्या चेहऱ्याची कातडी मऊ करणं हा माझा धंदा आहे. फोटो स्टुडिओत संगणकासमोर बसून मी दिवसभर मुरूम, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसते. गिऱ्हाईक आरशात एक बघतं आणि फोटोत दुसरंच मागतं. त्यामुळे कुणी कुठे काय पुसलंय ते मला लगेच दिसतं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

माझी मावशी दादाकडे, म्हणजे तिच्या सख्ख्या मुलाकडे राहते. दोन महिने त्याने मला तिला भेटू दिलं नव्हतं. आधी म्हणे तिला सर्दी, मग घराला रंग, मग तिलाच कुणी नको. फोन तोच उचलायचा आणि ती कायम झोपलेली असायची. एवढं झोपायला ती काय तान्हं बाळ आहे? मी फारच कटकट केली तेव्हा त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला. खाली लिहिलं, आई ठणठणीत. सगळ्यांनी पटापट अंगठे दाखवले आणि मोकळे झाले.

मी फोटो मोठा केला. मावशीच्या हनुवटीवर एक राठ पांढरा केस आहे. फोटोत तोच केस, त्याच बाकासकट, डाव्या गालावरही उगवला होता. नवशिके हीच चूक करतात. चांगली कातडी उचलून खराब जागेवर डकवतात आणि तिच्याबरोबर केसही येतो. फोनचा कॅमेरा आपोआप गुळगुळीत करतो तेव्हा अख्खा चेहरा करतो. इथे तळहाताएवढाच तुकडा लोण्यासारखा होता, कपाळाच्या आठ्या जशाच्या तशा.

मूळ फोटो मागितला तर डिलीट झाला म्हणाला. मी अर्धी सुट्टी टाकली आणि थेट त्याच्या दारात गेले.

"अगं, फोन करून यायचं ना."

"केला असता तर तू घरी सापडला नसतास."

मावशी आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. डावा गाल जांभळा, कडेने पिवळा पडत आलेला. पिवळा कधी पडतो ते मला पुसून पुसून पाठ झालंय. निदान आठवडा झाला होता. काय झालं विचारलं तर बाथरूममध्ये घसरले म्हणाली, पण दाराकडे बघत. दारात दादा उभा होता. मी त्याला जरा बाहेर जायला सांगितलं. तो हसला, म्हणाला, आमच्यात लपवण्यासारखं काय आहे?

"मग गाल कशाला लपवलास?"

"तुम्ही उगाच घाबरला असता."

घसरलेल्या माणसाचं आधी कोपर फुटतं. मी मावशीची बाही वर सारली. कोपर धड होतं. दंडावर चार बोटं उमटली होती.

"मावशी, माझ्याकडे चल. आत्ता."

"ती कुठेही येणार नाही," दादा म्हणाला. "तिची औषधं, तिचं पथ्य, झेपणार आहे का तुला? आई, सांग हिला."

मावशी पलंगाखाली पायाने चपला चाचपडत होती.